नवे सेल घातले तरी टॉर्च पेंगतेच : दुखणं नक्की कुठं आहे?

आमच्या गावाकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटऱ्यांना सेल. "बॅटरीतले सेल संपले" हे वाक्य तिथं कुणालाच खटकत नाही. इथं घोळ नको, म्हणून हातात धरायची ती टॉर्च आणि आत घालायचे ते सेल, एवढं ठरवून पुढं जाऊ.

तक्रार तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की उसाला पाणी पाजायला रानात जावंच लागतं. घोणस आणि मण्यार दोन्ही जास्त करून रात्रीच फिरतात, त्यामुळं टॉर्च ही त्यांच्या लेखी चैनीची वस्तू नव्हे, खुरप्यासारखं अवजार. त्यांची टॉर्च स्टीलची, दोन मोठ्या सेलची, माझ्या लहानपणापासूनची. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन यायचा आणि बोलणं ठरलेलं असायचं. "नवे सेल घातले. दोन रात्री झकास लागली. तिसऱ्या रात्री परत पिवळी. बुडावर थाप मारली की उजळते, चार पावलं गेलं की परत पेंगते. आता ही टाकतो, तू मोठ्या उजेडाची आण."

आणली की. चार्जिंगची, प्लॅस्टिकची, वेष्टनावर डोळे दिपतील असे आकडे. ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत मेली होती, आणि तात्या परत स्टीलच्या टॉर्चला थापा मारत होते. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही टॉर्च, एक मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र) आणि थोडा झिरो पेपर (बारीक पॉलिश पेपर) घेऊन ओसरीवर बसलो. त्या दिवशी आणि नंतर जे कळलं ते इथं लिहितोय.

थाप मारल्यावर उजळणारी टॉर्च अर्धं निदान स्वतःच सांगत असते. थापेनं काही सेलमध्ये वीज भरत नाही. थापेनं फक्त आतले भाग हलतात, म्हणजे कुठंतरी धातूला धातू नीट टेकत नाहीये. ठिबकचं उदाहरण घ्या. मोटर जोरात चालू आहे, विहिरीत पाणी आहे, पण फिल्टरमध्ये गाळ बसलाय. शेवटच्या उसाला थेंबच पडणार. अशा वेळी मोठी मोटर आणणारा माणूस पैसे घालवतो. टॉर्चमध्ये आपण नेमकं हेच करतो, नवे सेल आणतो.

एवढासा गंज उजेडाचं किती नुकसान करतो हे आकड्यात बघण्यासारखं आहे. दोन सेलच्या टॉर्चचा तारेचा बल्ब साधारण २.४ व्होल्टचा आणि अर्धा अँपिअर घेणारा असतो. वाटेत कुठंतरी फक्त १ ओहमचा अडथळा आला, तर बल्बपर्यंत २.४ ऐवजी १.९५ व्होल्टच्या आसपास पोचतात. अर्धा व्होल्टसुद्धा गेला नाही. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, तो साधारण ३.४ व्या घातानं कमी होतो. हिशेब केला तर उजेड निम्म्यावर येतो! व्होल्टेज दहा टक्के घटलं तरी उजेड तीस टक्के जातो. म्हणून नवे सेल असूनही टॉर्च पिवळी दिसते, आणि म्हणूनच सेल थोडे उतरले की ती एकदम म्हातारी वाटायला लागते.

मीटर नसेल तर ओसरीवर करण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे. टॉर्चमधले तेच सेल आणि तोच बल्ब बाहेर काढा. दोन सेल एकावर एक उभे करा, बोंडाची, म्हणजे अधिक टोकाची बाजू वर. हातभर वायरचं एक टोक खालच्या सेलच्या बुडाखाली दाबा, दुसरं टोक बल्बच्या पितळी कॉलरला गुंडाळा आणि बल्बचं टोक वरच्या बोंडावर टेकवा. आता उजेड बघा. बाहेर पांढरा लख्ख आणि टॉर्चमध्ये पिवळा, तर सेल आणि बल्ब निर्दोष, दोष टॉर्चच्या अंगात. बाहेरही पिवळाच, तर सेल किंवा बल्ब. तात्यांच्या सेलवर बल्ब बाहेर असा लागला की काकू आतून विचारायला आल्या, नवा आणला का म्हणून.

मीटर असेल तर आणखी नेमकं कळतं. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, टॉर्चचं मागचं झाकण काढा, खटका चालू करा आणि झाकणाच्या जागी मीटर लावा, एक पिन सेलच्या बुडाला, दुसरी नळीच्या उघड्या कडेला. बाहेरच्या जोडणीत मला ०.५० अँपिअर मिळाले होते. टॉर्चमधून ०.४२. फरक किरकोळ वाटतो ना? पण तार थंड पडली की तिचा रोध कमी होतो, त्यामुळं करंट फारसा उतरलेला दिसत नाही आणि उजेड मात्र एक तृतीयांशावर आलेला असतो. करंटचा आकडा बघून "ठीकच आहे" म्हणू नका, बाहेरच्या आकड्याशी ताडून बघा. (आणि मोजून झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती तशीच ठेवून पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटरमधूनच शॉर्ट होतो. मीटरचा फ्यूज मी असा एकदा नाही, दोनदा उडवलाय.)

मग दोष नळीत कुठल्या जागी आहे हे शोधायचं. मीटर डीसी व्होल्टवर, टॉर्च चालू, आणि दोन्ही पिना एकाच जोडाच्या दोन बाजूंना. चांगल्या जोडावर आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ०.१ च्या वर गेला की तिथं पाणी मुरतंय. तात्यांच्या टॉर्चमध्ये बुडाची स्प्रिंग आणि झाकण मिळून ०.२ व्होल्ट खात होतं, आणि खटक्याची पितळी पट्टी एकटी ०.६! इतकी वर्षं दोष सगळे बुडाला देत होते, कारण थाप बुडावर मारायची सवय. खरा चोर बटणाखाली बसलेला.

हे दुखणं परत परत का येतं, तर सेल बदलताना सगळं थोडं घासलं जातं, झाकण फिरवलं जातं, तेवढ्यापुरता जोड सुधारतो. दोन रात्री झकास. मग दव, घामट हात, रानातली ओल, आणि पुन्हा काळपट थर. त्या दोन रात्रींचं श्रेय नव्या सेलना मिळतं आणि आपण दुकानात जात राहतो.

साफ करायला घरातल्या वस्तू पुरतात, फक्त कुठं काय लावायचं ते कळायला हवं. पितळी पट्टी आणि सेलची बोंडं यांना शाळेचं खोडरबर पुरतं. जास्त काळी असेल तर झिरो पेपरचे दोन-तीन हलके हात. स्प्रिंगवर मात्र जोर लावू नका. तिच्यावर निकेलचा पातळ मुलामा असतो, तो निघाला की आतलं लोखंड उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट. अ‍ॅल्युमिनियमच्या टॉर्च असतात त्यांची गंमत वेगळी. रंगीत अ‍ॅनोडाइज्ड पृष्ठभागातून वीज जातच नाही, करंट फक्त नळीच्या कडेच्या उघड्या चकचकीत पट्टीतून जातो. झाकण अर्धवट फिरवलं असेल किंवा ती कड मळली असेल, तर आटे कितीही साफ करा, उपयोग शून्य. ती कड स्पिरिटच्या फडक्यानं पुसा.

सेल पाझरलेले असतील तर आधी बघा ते कुठले. साधे स्वस्त सेल म्हणजे झिंक कार्बनचे. त्यात जस्ताचा डबा हाच एक ध्रुव, म्हणजे सेल वापरताना स्वतःचंच भांडं खातो, शेवटी भोक पडतं आणि आतला आम्लधर्मी चिकट रस बाहेर येतो. त्यावर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट. अल्कलाइन सेलमधून निघणारी पांढरी बुरशीसारखी पूड उलट क्षारधर्मी, तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा बोळा. अदलाबदल केली तर नुसतं चोळत बसाल. नंतर ओलसर फडक्यानं पुसून पूर्ण वाळवा आणि जोडांना व्हॅसलीनचं नखभर बोट फिरवा. रबरी रिंगला व्हॅसलीन नको, काही रबरं त्यानं फुगतात. तिथं सिलिकॉन ग्रीस.

खटक्याची पट्टी साफ करून बोटानं किंचित वाकवली, दाब वाढवला. करंट ०.४९. एक रुपयाही खर्च न होता उजेड जवळजवळ तिप्पट झाला. तात्या म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी सेलवाल्याचं घर चालवलं."

काहींच्या बाबतीत जोड स्वच्छ असतात आणि दुखणं बल्बचं असतं. बल्बच्या कॉलरवर बारीक आकडे कोरलेले असतात, २.५ व्होल्ट ०.३ अँपिअर, ३.८ व्होल्ट ०.३ अँपिअर असे. गावातल्या दुकानात "टॉर्चचा बल्ब द्या" म्हटलं की डब्यात हाताला लागेल तो मिळतो. २.५ चा बल्ब दोन सेलसाठी, ३.८ चा तीन सेलसाठी. तीन सेलचा बल्ब दोन सेलच्या टॉर्चमध्ये बसतो, लागतो, पण उजेड पाव हिश्श्यावर. उलटं केलं तर एकदा लख्ख चमकतो आणि गेला. बल्बची काच आतून काळपट झाली असेल तर ती टंगस्टनच्या तारेची वाफ चिकटलेली असते. असा बल्ब उडायची वाट बघू नका, बदला.

सेलबद्दल थोडंसंच. नुसत्या सेलला मीटर लावून १.४ व्होल्ट दिसले म्हणून तो चांगला ठरत नाही. बल्ब जळत असताना मोजा. थकलेला सेल ओझं पडताच १ व्होल्टच्या खाली बसतो. एक नवा एक जुना असं कधी घालू नका, जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून करंट ढकलत राहतो, जुन्याचे ध्रुव उलटतात आणि तो जुनाच आधी फुटतो. आणि सेल उन्हात वाळत घालणं! आमच्या आजीचा हा हातखंडा प्रयोग होता, पापड-कुरडयांच्या शेजारी चार सेल. त्यात तथ्य आहे, ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया सैल होते, विश्रांतीनंही सेल थोडा सावरतो, आणि दहा-पंधरा मिनिटं उजेड मिळतो. पण वीज काही नवी तयार होत नाही, आणि मरणाच्या दारातला सेल तापवला की पाझरण्याचा धोका वाढतो.

आता मोठ्या उजेडाचं. जोड साफ झाल्यावरच हे करायचं, आधी नाही. माझी चूक हीच होती. मी पहिल्यांदा थेट जुन्या बल्बच्या मापाचा, त्याच कॉलरचा एलईडी बल्ब आणून बसवला होता. पहिल्या रात्री रानभर उजेड. तिसऱ्या रात्री तीच तक्रार.

त्याचं कारण कळायला मला वेळ लागला. पांढऱ्या एलईडीला नीट लागायला साधारण ३ व्होल्ट किंवा थोडे जास्तच लागतात. दोन नवे सेल मिळून ३ व्होल्ट, म्हणजे काठावर पास. सेल १.४ वर आले की बेरीज २.८, आणि एलईडी एकदम मलूल. तारेचा बल्ब तरी हळूहळू पिवळा होत जातो, एलईडी मात्र उंबरठ्याखाली गेली की संपलंच. सेलमध्ये अजून निम्म्याहून जास्त जीव असतो आणि आपण ते फेकून देतो. स्वस्त एलईडी बल्बच्या आत नुसती एलईडी आणि फार तर एक रेझिस्टर असतो. त्याला दोन सेलची टॉर्च मानवत नाही.

हवा असतो तो आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असलेला, ज्याला बूस्ट ड्रायव्हर म्हणतात. तो सेल १ व्होल्टपर्यंत उतरले तरी त्यातून ओढून एलईडीला पुरेसं देतो. घेताना पाकिटावर व्होल्टेजचा पट्टा बघा. दोन सेलसाठी "३ व्होल्ट" किंवा "१ ते ३ व्होल्ट" असं हवं. "४ ते १२ व्होल्ट" लिहिलेला बल्ब चार सेलसाठी, तो तुमच्या टॉर्चमध्ये काजव्यासारखा लागेल आणि तुम्ही परत सेलना दोष द्याल.

वॅटचा हिशेबही करून घ्या. जुना बल्ब साधारण १.२ वॅट खाऊन १० लुमेनच्या (लुमेन हे उजेडाचं माप) आसपास उजेड द्यायचा, बाकी सगळी उष्णता. बऱ्या दर्जाची १ वॅटची एलईडी ८० ते १०० लुमेन देते, आणि ड्रायव्हरची घट धरूनही सेलमधून जुन्या बल्बइतकाच, अर्ध्या अँपिअरच्या जवळपास करंट ओढते. खर्च तितकाच, उजेड आठ-दहा पट. ३ वॅटचा मोह मात्र टाळा. दोन सेलमधून दीड अँपिअर ओढणं झिंक कार्बनच्या सेलना झेपत नाही, आणि एलईडीची उष्णता मागच्या बाजूनं धातूतून निघून जावी लागते. प्लॅस्टिकच्या डोक्यात तिला वाट नाही. ती तापते, उजेड उतरतो, आयुष्य घटतं. १ वॅटला अल्कलाइन सेल घाला. महाग वाटतील, पण या ओझ्याखाली ते साध्या सेलच्या कितीतरी पट टिकतात.

दोन अडचणी ठरलेल्या. पहिली, बल्ब बसवला आणि लागतच नाही. तारेच्या बल्बला उलटं-सुलटं कळत नाही, एलईडीला कळतं. सेल उलटे असतील तर जुना बल्ब बिनतक्रार लागायचा, हा लागणार नाही. आमच्या घरात तर सेल उलटा ठेवायची रीतच आहे. टॉर्च पिशवीत चुकून चालू राहू नये म्हणून एक सेल फिरवून ठेवायचा. युक्ती उत्तम आहे, पण ती घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. वहिनीनं ही टॉर्च "नवा बल्ब पण उडाला" म्हणून माझ्याकडं पाठवली होती.

दुसरी अडचण, उजेड भरपूर पण मधोमध काळं भोक, किंवा नुसता पसरट पांढरट गोळा. जुना रिफ्लेक्टर सगळ्या बाजूंना उजेड फेकणाऱ्या तारेसाठी घडवलेला. एलईडी फक्त पुढं उजेड फेकते, त्यामुळं बराचसा उजेड रिफ्लेक्टरला न शिवताच बाहेर पडतो. एलईडी नेमकी केंद्रबिंदूवर आली तर झोत बराच सुधारतो. टॉर्चचं डोकं फिरवून फोकस होत असेल तर फिरवून बघा. नसेल तर बल्बच्या कॉलरखाली पातळ पितळी वॉशर घालून तो एकेक मिलिमीटर मागं-पुढं करा आणि भिंतीवर बघा. आमचं दोन वॉशरवर भागलं. रिफ्लेक्टर आतून फडक्यानं पुसायचा मोह होईल, नको. वरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर इतका नाजूक असतो की एक ओरखडा कायमचा राहतो. फुंकर मारा, फार तर पंपानं हवा. पुढची काच मात्र साबणानं धुवा, आणि ती प्लॅस्टिकची असून दुधाळ झाली असेल तर टूथपेस्टनं गोल गोल घासा. वर्षानुवर्षांची धूळ आणि कीटकांचे डाग काढल्यावर जो फरक पडतो त्याचं श्रेय लोक नव्या बल्बला देतात.

आता ती मेलेली चार्जिंगची टॉर्च. तिच्या आत ४ व्होल्टची छोटी लेड अ‍ॅसिड बॅटरी असते, मोटारसायकलच्या बॅटरीची धाकटी बहीण. या जातीला रिकामं पडून राहणं सोसत नाही. पाणी पाजायचा हंगाम संपला, टॉर्च उतरलेली तशीच फडताळात गेली, चार महिन्यांत प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसला आणि बॅटरी गेली. पुढच्या हंगामात रात्रभर चार्जिंगला लावली तरी दहा मिनिटांत डोळे मिटते. पूर्ण चार्ज करून, प्लग काढून, दोन-तीन तासांनी मोजा. ४.२ व्होल्ट किंवा वर हवेत. टॉर्च चालू करताच ३.५ च्या खाली कोसळली तर बॅटरी बदला, त्याच व्होल्टची, त्याच जातीची. आणि वापर असो-नसो, तीन महिन्यांतून एकदा चार्ज करा.

इथं थांबून एक गोष्ट जरा जोरात सांगतो. या स्वस्त टॉर्चमध्ये चार्जरला ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर आणि चार डायोड, बस्स. म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज आणि आतली बॅटरी यांच्यात कसलाही आडपडदा नाही. प्लगला असताना ती उघडू नका, आतल्या कशालाही हात लावू नका, ओल्या हातानं बटण दाबू नका. मुलांना तर लांबच ठेवा.

हल्ली बरेच जण एक "अपग्रेड" करतात, लेड अ‍ॅसिडची बॅटरी काढून तिथं जुन्या लॅपटॉपचा लिथियम आयनचा १८६५० सेल (हा आकडा म्हणजे त्याच्या मापाचं नाव) डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवायचा. ४ व्होल्ट आणि ३.७ व्होल्ट, जवळजवळ सारखंच की, असं वाटतं. हे करू नका. लिथियम सेल ४.२ व्होल्टला भरला की चार्जिंग थांबलंच पाहिजे, आणि त्या कपॅसिटरच्या चार्जरला थांबणं माहीतच नाही. तो करंट ढकलत राहतो. सेल फुगतो, पेटतोही.

हेच नीट करायचं असेल तर भिंतीच्या प्लगचा सगळा भाग आधी कापून बाहेर काढा. त्याच्या जागी मोबाईलच्या चार्जरवर चालणारा, लिथियम सेल भरणारा टीपी ४०५६ चा छोटा बोर्ड घाला, पण चार टाके (वायरी डाग द्यायच्या जागा) असलेला नको. सहा टाके असलेला घ्या, म्हणजे सेलसाठी दोन, बाहेरच्या जोडणीसाठी दोन आणि चार्जिंगचे दोन. त्यावर जास्त भरणं, जास्त उतरणं आणि शॉर्ट यापासून संरक्षण असतं. सेल आतल्या दोन टाक्यांना, टॉर्चचा खटका बाहेरच्या जोडणीच्या टाक्यांना. खटका थेट सेलला जोडला तर संरक्षणाला वळसा बसतो, आणि ही चूक फार जण करतात. हा बोर्ड १ अँपिअरनं भरतो, त्यामुळं २००० मिलिअँपिअर-तासांच्या वरचाच सेल घ्या. सेलच्या टोकांना थेट सोल्डरिंगची इस्त्री धरून डाग देऊ नका, पट्ट्या लावलेला सेल मागा किंवा होल्डर वापरा. लॅपटॉपमधून काढलेला सेल २ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर तो जिवंत करण्याच्या नादी लागू नका.

सेल विकत घेताना वजन करा. खरा १८६५० साधारण ४५ ग्रॅमचा भरतो. वर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेलं आणि हाताला ३० ग्रॅमचं, तर आत काय असेल ते समजून जा. या मापाच्या चांगल्या सेलची धाव ३५०० च्या आसपास संपते.

आणि तयार नवी टॉर्चच घ्यायची असेल तर लुमेनच्या आकड्यांना भुलू नका. एका चांगल्या १८६५० सेलमध्ये ११-१२ वॅट-तास वीज मावते. १ वॅटला १०० लुमेन धरले तर १००० लुमेन तासभर, एवढाच सरळ हिशेब. त्याच सेलवर ५०००० लुमेनची जाहिरात करणाऱ्याला ५०० वॅट कुठून आणणार ते विचारा. चांगल्या टॉर्चचीही एक "तक्रार" नेहमी येते, की सुरुवातीला लख्ख लागते आणि तीन-चार मिनिटांत उतरते. तो बिघाड नाही, एलईडी तापू नये म्हणून ती मुद्दाम स्वतःला आवरते. खालच्या टप्प्यावर वापरा, उजेड रात्रभर एकसारखा राहील.

दुप्पट लांबचं तितकंच स्पष्ट दिसायला चौपट उजेड लागतो, त्यामुळं "लांब फेकते" याचे पैसे फार पडतात. वेष्टनावर कँडेलाचा (झोताच्या तीव्रतेचा) आकडा दिला असेल तर त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढ्या मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो. १०००० कँडेला म्हणजे २०० मीटर. विहिरीच्या पलीकडचं बघायला ठीक. पण बांधावरून चालताना मला पायाखालचे पाच-सात मीटर, तेही दोन्ही बाजूंचं गवत धरून दिसायला हवेत, आणि तिथं पसरट झोतच कामाचा. निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा किंचित पिवळसर झाक असलेला घ्या. वाळक्या पाचटात तपकिरी घोणस निळसर उजेडात मला तरी पाचटच वाटते. घाटातल्या धुक्यात टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर धरू नका, कमरेशी धरा. धुक्यावरून उलटणारा उजेड डोळ्यांत कमी येतो आणि वाट दिसते.

तात्यांनी नवी घेतली नाही. स्टीलची तीच टॉर्च, १ वॅटचा बूस्ट ड्रायव्हरवाला बल्ब, दोन वॉशर आणि अल्कलाइन सेल. झाकणाच्या आत कागदी टेपचा तुकडा लावून त्यावर नव्या सेलवरचा करंट लिहून ठेवलाय, ०.४६, आणि खाली तारीख. पुढच्या वेळी मंद वाटली की नवे सेल घालून आधी हा आकडा ताडायचा. तोच आला तर सेलच संपले होते. वेगळा आला तर बटणाखालची पट्टी.